तहात गेलेलं गाव

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

युद्ध आपण जिंकलं, हे तुमच्या गावी कळलं असेलच. तहाची बोलणी इथल्या एका मोठ्या हॉटेलात चालली आहेत. दोन्हीकडच्या मंत्र्यांच्या मधे बसून मी एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत सांगतो. आपल्या मंत्र्यांनी हरलेल्यांना चांगलंच ठणकावलं. राज्य कायद्याचं हवं, न्यायालय स्वतंत्र हवं, सरकारविरुद्ध बोलायची मोकळीक हवी. अशी राज्यघटना केल्याशिवाय तह नाही. सांगताना माझाच ऊर भरून आला.

आता अवघड गोष्ट. आपल्याला त्यांचं बंदर हवंय. बदल्यात नदीपलीकडचं तुमचं गाव त्यांना द्यायचं ठरलं. शाळेसकट, तुझ्यासकट. गावकऱ्यांना विचारावं, असं त्यांच्याच वकिलाने सुचवलं. आपले मंत्री म्हणाले, जेवण थंड होतंय. तेही मीच भाषांतरित केलं.

सही झाल्यापासून वर्षभर दोन्हीकडच्यांना पूल ओलांडायची सवलत आहे. माझ्या दोन खोल्यांतली एक तुझी. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
भाऊ

१९ मार्च

चि. पोपटास,
अ. उ. आ.

आपण जिंकलो म्हणून मी परदेशी झाले. हरलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार करतेय.

नागरिकशास्त्राच्या तासाला ‘सत्ता जनतेची’ हा धडा आला. मुली हसल्या नाहीत, मलाच हसू आलं. मी यायची नाही. वर्ग अर्धवट सोडून कुठे येऊ? वेळेवर जेवत जा. मंत्र्यांचं जेवण सांभाळतोस तसं स्वतःचंही सांभाळ.

आशीर्वाद आहेतच,
ताई

१२ नोव्हेंबर

चि. पोपटास,
अ. उ. आ.

काळजीत असशील, म्हणून सविस्तर लिहिते. नव्या सरकारचे शाळा-तपासनीस आले आणि सगळ्या शिक्षकांनी त्यांच्या भाषेत निष्ठेची शपथ घ्यावी म्हणाले. आम्हाला त्यातलं अक्षर कळेना. मी म्हटलं, जे कळत नाही त्याची शपथ मी घेणार नाही. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली.

मग तुमच्या मंत्र्यांनी करायला लावलेली ती घटना आपल्या भाषेत मागवून वाचली. चांगली आहे रे! न्यायालयात दुभाष्यामार्फत अर्ज केला. सरकारी वकील म्हणाले, ही घटना शत्रूने आमच्या गळ्यात मारली आहे, ती एवढी मनावर घ्यायची नसते. न्यायाधीशांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, सही आपली आहे ना, मग घटनाही आपली.

नोकरी परत मिळाली. शपथेचं भाषांतर घेऊन तपासनीस स्वतः आले. शुद्धलेखनाच्या इतक्या चुका, की आधी तो कागद तपासून दिला, मग शपथ घेतली.

तुझीच,
ताई

८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वाटेत जे कोणी उघडतील त्यांनाही नमस्कार.

इकडे सगळं उत्तम. जिंकलेली शांतता टिकावी म्हणून आपली घटना काही दिवस बाजूला ठेवली आहे. न्यायाधीशांना विश्रांती दिली आहे. शांतता इतकी, की शेजारीही जिन्यात बोलत नाहीत. शत्रूच्या न्यायालयात बहीण कशी गेली, असं मला खात्यात विचारलं. मी म्हणालो, ती आपल्याच मंत्र्यांनी सांगितलेल्या वाटेने गेली. तेव्हापासून मलाही विश्रांती आहे. घराबाहेर दोन गृहस्थ उभे असतात, त्यामुळे चोरांची भीती नाही.

तुमच्याकडे हवा कशी आहे? माणसाला मानवते का?

तुझा,
भाऊ

२ मार्च

चि. पोपटास,
अ. उ. आ.

हवा मानवते. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि तडक न्यायालयात गेले. परदेशी माणसाला आसरा देण्याचं कलमही या घटनेत आहे, तुमच्याच लोकांनी घालायला लावलेलं. परवाना सोबत आहे. तहातली वर्षाची सवलत संपायच्या आत निघ, सामानाचा मोह नको.

पुलाच्या या टोकाला मी उभी असेन. इकडे पाय ठेवल्यावर सरकारला खुशाल शिव्या दे, कुणी काही म्हणत नाही. फक्त कुठल्या सरकारला, ते ठरवून ये.

वाट पाहणारी,
ताई