चार चौकोन आणि खोडरबर

६ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ७.१०
प्रेरणाचा फॉर्म माझ्या ताब्यात आला. उत्तम.
पुण्याचा सहा महिन्यांचा कोर्स, होस्टेलसकट. फॉर्मवर एकच महत्त्वाचा प्रश्न: पहिली प्रोग्रामिंग लँग्वेज कोणती शिकणार? चार चौकोन. सी, जावा, जावास्क्रिप्ट, पायथॉन. एकावर टिक, खाली वडिलांची सही. शेवटची तारीख तीस नोव्हेंबर.
प्रेरणाचा बाप म्हणजे माझा धाकटा भाऊ शेषराव. डोणगावात बी-बियाण्यांचं दुकान चालवतो. काल म्हणाला, "अक्का, तू टिक कर, मी खाली सही करतो. पन तीस तारखेनंतर मंग मले काई म्हनू नोको." कशाबद्दल ते सांगितलं नाही. वाक्यं अर्धवट सोडायची त्याला लहानपणापासून खोड.
तुळशीचं लग्न झालं की इथे स्थळांना ऊत येतो. जानेफळच्या शालिग्रामभाऊंनी मुलासाठी प्रेरणाला मागणी घातली आहे. घालू द्या. फॉर्म माझ्या कपाटात आहे.
संकल्प: रविवारपर्यंत निर्णय.

९ नोव्हेंबर, रविवार
निर्णय: सी. पाया आधी. कॉन्व्हेंटात आम्हाला ग्रामरशिवाय निबंधाला हात लावू देत नसत. पेन्सिलीने टिक केली.
चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. निम्म्या तालुक्याचे ट्रंक कॉल या हातांनी जोडले. कोण कोणाशी काय बोलणार हे मला रिंगवरून कळायचं. लँग्वेज निवडणं त्यामानाने क्षुल्लक.

१० नोव्हेंबर. दुपारी
पुण्याच्या सोहमला (मावसभावाचा मुलगा, कॉम्प्युटर कंपनीत) फोन केला. म्हणतो, "आत्या, कोणतीही चालेल. सुरू तर करू दे तिला."
कोणतीही! असल्या माणसांच्या हातात देशाचे कॉम्प्युटर आहेत.
तरी सी खोडली. हा म्हणतो नोकरीच्या जाहिरातीत ती फारशी दिसत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
आधी ध्येय, मग लँग्वेज. प्रेरणाला समोर बसवून विचारलं, पाच वर्षांनी तुझं करिअर गोल काय? ती म्हणे, "आत्या, पहिले डोणगावातून निघनं."
हे गोल नव्हे, दिशा आहे, असं मी समजावलं. बीएस्सीला फर्स्ट क्लास, आणि विचारांत ही शिस्त. "आत्या, तुमी फक्त टिक करा न. मी समदं शिकतो," म्हणत होती. शिकते म्हण, असं सुनावलं. मुलींनी "शिकतो" म्हणायची ही वऱ्हाडी सवय पुण्यात चालणार नाही.
जाताना दारात थांबली होती बराच वेळ. काय हवंय विचारलं तर काही नाही म्हणाली.

१४ नोव्हेंबर
जावा. बँकांत चालते. टिक.

१५ नोव्हेंबर
जावा कठीण असते म्हणे. खोडली.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सायंकाळी
शेषरावची बायको शालूबाई आली. प्रेरणाची जन्मवेळ विचारत होती. कॉम्प्युटरच्या कोर्सला जन्मवेळ! हे लोक पुण्याला पोचले तरी पंचांग सोडणार नाहीत. पण नोंद माझ्याच डायरीत आहे, दवाखान्यात मीच होते. दुपारी चार चाळीस. कागदावर लिहून दिली, सुवाच्य अक्षरात. शालूबाईने कागद घडी करून पदरात बांधला आणि घाईने गेली. थँक्यू नाही.

१९ नोव्हेंबर
शेषरावने प्रेरणाचा फोटो काढला. साडी नेसवून, तुरीच्या शेताजवळ उभी करून. फॉर्मला पासपोर्ट साइज लागतो हे या घरात कोणाला माहीत नाही. मुलगी फोटोत हसलेलीसुद्धा नाही. निदान तेवढं नियमाला धरून झालं.
जावास्क्रिप्टवर टिक. काम लोकांना डोळ्यांनी दिसतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
शेषरावकडे गेले तर सगळे एकदम गप्प. भिंतींना नवा रंग चालू होता, तोही गुलाबी. एवढ्यात त्याचा फोन वाजला, तो बाहेर, मी उचलला. जानेफळहून शालिग्रामभाऊ. "पोरीची उंची किती हो?" पाच फूट दोन, मी सांगितलं. हे गृहस्थ उगाच भोचकपणा करतात. फॉर्म माझ्याकडे आहे हे त्यांना ठाऊक नसावं. ऐकवणार होते, पण त्यांनी "बरं जमते" म्हणून फोन ठेवला.
जावास्क्रिप्ट खोडली. नुसतं दिसणं म्हणजे करिअर नव्हे.

२३ नोव्हेंबर
मी सतरा वर्षांची असताना बाबांनी माझंही जमवत आणलं होतं. सिस्टर अ‍ॅग्नेस अकोल्याच्या कॉन्व्हेंटातून एसटीने आल्या, उभ्याउभ्याच बाबांना म्हणाल्या, "शी विल गो." बाबांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. तरी मी शिकायला गेले. प्रेरणाला हे कितीदा सांगितलं आहे.
ते दिवस वेगळे. आता माणसांना कारणं द्यावी लागतात. फाइल करायला घेतली आहे: चार लँग्वेज, फायदे, तोटे, पगार. सव्वीस पानं झाली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
दुर्घटना. खोडून खोडून फॉर्मला भोक पडलं. नेमकं जावाच्या चौकोनात. पलीकडचं बोट दिसतं.
खोडरबर हलक्या प्रतीचा. दुकानदाराला चांगलं फैलावर घेतलं. प्रेरणाला म्हटलं, मेहकरहून नवीन प्रिंट आण. ती भोकाकडे बघत बसली. मग म्हणे, "आत्या, आज पंचवीस आहे." तारीख मला कळते, मी म्हणाले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. शालूबाई माझा चांगला कपांचा सेट मागून घेऊन गेली, बारा कप. रविवारी पाहुणे म्हणे. गुरुवारच्या पूजेला रविवारी पाहुणे! दिला. म्हणाली, "अक्का, तुमी बी या. मोठं मानूस पायजे." हे मात्र योग्य बोलली. शेवटच्या तारखेला घरचे सगळे एकत्र, मोठं माणूस मी. फॉर्मवर सहीचा समारंभ करायचं ठरवलेलं दिसतं. थोडा थाट झाला खरा, पण शेषराव हौशीच.
प्रेरणा मेहकरला जाऊ शकली नाही. आईने कामात अडकवलं. प्रिंट सोमवारी मिळेल. हरकत नाही, निर्णय महत्त्वाचा, कागद नंतर येतो.

२९ नोव्हेंबर. दुपारी ४.४०
पायथॉन! सोपी, मागणी भरपूर, कोणत्याही गोलला चालते. शंका उरली नाही. फाइल एकेचाळीस पानी. हलकं वाटतंय. छाती मात्र सकाळपासून धडधडते. अ‍ॅसिडिटी.

३० नोव्हेंबर, रविवार. सायंकाळी ६
जसं घडलं तसं लिहिते.
दोन जीप आल्या होत्या. ओसरीत माणसंच माणसं, माझ्या कपांतून चहा पीत. शालिग्रामभाऊ मधोमध. पाटावर विडा, नारळ, सुपारी. प्रेरणा त्याच साडीत. पायथॉन, असं मी तिला खुणेने सांगायचा प्रयत्न केला. तिने मान खाली घातली.
शालिग्रामभाऊंनी माझ्या हातातली फाइल घेतली, पोरीची माहिती समजून. दोन पानं उलटली. "लई शिकेल दिसते," म्हणाले, आणि फाइलवर कप ठेवला.
मग शेषराव सगळ्यांदेखत माझ्याकडे वळला. "अक्का, सुपारी फुटाच्या आंधी काई बोलाचं आहे काय तुले? बोलाचं असंन तं आताच बोल." प्रेरणाने मान वर केली.
मी उभी राहिले. म्हणाले, बोलायचं तर चार मुद्दे आहेत. पहिला मुद्दा, पाया म्हणजे काय. तो नीट मांडला. दुसरा सुरू केला, की सी आणि जावा यांच्यात मूलभूत फरक असा की
टक् असा आवाज झाला.
अडकित्ता शालिग्रामभाऊंच्या हातात होता. बायका उठल्या, साखर वाटू लागल्या. मलाही दिली. शेषराव हळूच म्हणाला, "मी थांबलो होतो, अक्का." एवढंच. हे वाक्य अर्धवट नव्हतं.
तिसऱ्या मुद्द्यात पायथॉन होती.

१ डिसेंबर
काही नाही.

३ डिसेंबर, बुधवार
शालूबाई कप देऊन गेली. अकरा. बारावा कुठे, विचारलं नाही. लग्न फेब्रुवारीत. मुहूर्ताला जन्मवेळ परत हवी होती, पहिला कागद हरवला म्हणे. लिहून दिली.
दुपारी प्रेरणा आली. मेहकरहून आणलेली नवी प्रिंट टेबलावर ठेवली. चार चौकोन, कोरे. मी म्हटलं, अगं, आता कशाला? ती म्हणाली, "तुमीच म्हनलं होतं न, आन म्हनून." रडली नाही. मग विचारलं, "आत्या, त्या सिस्टर तुमच्या बापाले किती वेळ बोलल्या होत्या?"
तीन शब्द, मी सांगितलं.
ती बराच वेळ दारात उभी होती. या वेळी मी काय हवंय असं विचारलं नाही.
ती गेल्यावर पायथॉनवर टिक केली. पेनाने.