दोन वाटे

देवबाग, मालवण
दि. २१ जानेवारी २०२५

प्रिय उज्वला,

मी इकडे खुशाल आहे. बीपीची गोळी वेळेवर घेतो. पत्ता योगिनीकडून मिळवला, लेकीवर रागावू नकोस. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी नाशिकच्या थंडीबद्दलच बोलणार. म्हणून पत्र.

तर मी समुद्र बघायला आलोय. हस खुशाल. पस्तीस वर्षं रेल्वेचा फुकट पास होता, तू दरवर्षी कोकण म्हणायचीस आणि मी म्हणायचो, तिथं पाण्याशिवाय आहे काय? पाणीच आहे. पण सकाळी हिरवं दिसतं आणि दुपारी डोळ्यांना सोसत नाही. पहिल्या दिवशी मी बूट-मोजे घालून वाळूत गेलो. केळुसकर काकींच्या घरी उतरलोय, त्या अजून ते सांगून हसतात. त्यांच्या सोलकढीची रेसिपी तू नक्की विचारली असतीस. मला विचारायचं सुचलं नाही.

पासच्या अर्जात सवयीने तुझंही नाव गेलं. म्हणजे, सवयीने नाही. मीच लिहिलं, तुला न विचारता. गाडीत तरुण टीसी म्हणाला, "काका, मॅडम कुठं चढणार?" मी सांगितलं, पुढे. पनवेल गेलं, चिपळूण गेलं. मी स्टाफचा, हे त्याला कळलं होतं. वेटिंगवाले मागे लागले होते, तरी त्याने खिडकीजवळची तुझी सीट कुडाळपर्यंत कुणाला दिली नाही. मी टीसी असताना कुणासाठी असं केलं नव्हतं. माणूस आला नाही की सीट दुसऱ्याला. त्या रिकाम्या सीटशेजारी बसून फार वाईट वाटलं, उज्वला.

काल किनाऱ्यावर रापण ओढत होते. समुद्रात लांब जाळं टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर गाव मिळून ओढतं. मीही हात लावला. तळहात सोलले. मासळी वर आल्यावर मी निघालो, तर एका म्हातारीने हटकलं. "दोर ओढलास मां? मगे वाटो घेतल्याशिवाय जावचा नाय." ज्याने हात लावला त्याचा वाटा, पाहुणा असला तरी. मग तिने विचारलं, "घरात माणसा किती?"

मी म्हणालो, दोन.

तिने दोघांपुरते बांगडे पिशवीत घातले. काकींनी तळले. एकट्याला संपले नाहीत.

त्या म्हातारीचं बोलणं डोक्यातून जात नाही. आपल्या घरात तूही दोर ओढलास, वाटा मात्र मी तुला कधी विचारला नाही. कॉलनीतलं घर मी ठरवलं, योगिनीचं कॉलेज मी ठरवलं. तुला मुख्याध्यापिका करून डोंगरातल्या पेठच्या शाळेत पाठवत होते, तेव्हा नकाराचा अर्जही मीच लिहिला. तू फक्त सही केलीस. शेवटी रिटायर झाल्यावर त्याच पेठला दोन खोल्या घेतल्यास. पोरांना फुकट शिकवतेस, असं योगिनी सांगते. मला तिथं यायची लाज वाटते.

आणखी एक. निघताना बॅग घेऊन तू दारात थांबली होतीस. "जाऊ का?" म्हणालीस. मी पेपरातून मान वर न करता म्हणालो, तुझी मर्जी. पेपर मी वाचत नव्हतो. तुझ्याकडे बघावं लागू नये म्हणून धरला होता. तू जरा वेळ थांबलीस, तेही मला कळलं होतं.

उत्तर द्यायला आठ महिने लागले. नको जाऊस, असं म्हणायचं होतं.

नाशिक रोडला परत ये असं म्हणत नाही, तुझी शाळा आता पेठला आहे. मी अजून दहा दिवस इथंच आहे. परतीच्या पासावरही आपली दोघांची नावं आहेत, पण या वेळी आधी विचारतो. समुद्र बघायला येशील का? नाही म्हणायचं असलं तरी ते तू म्हण. तुझ्या वतीने मी काही लिहिणार नाही.

पहिल्यांदाच विचारणारा,
सोमनाथ