केबलचा पीळ

चाचा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही समुद्र पाहिला नव्हता, म्हणून आधी माझं काम सांगते. बंदरात कंटेनर उचलणाऱ्या क्रेन रुळांवर मागेपुढे धावतात, आत माणूस नसतो. त्यांना वीज मिळते ती मनगटाएवढ्या जाड केबलमधून. क्रेन पुढे गेली की तिच्यावरचं मोठं चाक केबल सोडतं, मागे आली की गुंडाळून घेतं. ती केबल माझ्या जबाबदारीची.

तिवशाची आमची संत्र्याची बाग वाळली त्या वर्षी मी वायरमनचं प्रमाणपत्र घेऊन अकोल्याला मावशीकडे आले. मुलीला कामावर कुणी घेईना. जठारपेठेतल्या तुमच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात तुम्ही प्रमाणपत्र पाहिलंही नाही, सरळ पक्कड हातात दिलीत. तेव्हा बोअरचं पाणी दरवर्षी खोल जायचं आणि जळलेल्या मोटरी तुमच्या दारात पडलेल्या असायच्या.

एक दिवस अजून डोळ्यांपुढे आहे: बाळापूरजवळच्या शेतात आपण बोअरमध्ये मोटर सोडतोय. मी केबलचं वेटोळं आडवं ठेवून वरून एकेक फेरा ओढतेय. मोटर अर्ध्यावर गेली तसे तुम्ही म्हणता, "थांब. काढा सारं वर."

शेतकरी म्हणतो, "राहू द्या चाचा, चालते."

"चालते म्हनूनच जळते. अन् तू बेटा, वायरले पीळ देऊन राहिली. काहून येवढी घाई? वेटोळं उभं लोळव, मंग सोड."

चार माणसांसमोर माझं तोंड उतरलं. उद्यापासून यायचंच नाही, असं मनात ठरवून टाकलं. तुम्ही वेटोळं शेताच्या धुऱ्यावरून लोळवत नेलंत, मला सोबत चालवलंत, आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "वायरचा जोड इच्याच हातचा पायजे मले." दुसऱ्या दिवशी मी वेळेआधी दुकानात हजर होते.

गेल्या महिन्यात इथे एका क्रेनची केबल तिसऱ्यांदा मुरगळली. नवी आली, तीही माणसं ती ज्यावर गुंडाळून आली त्या ड्रमवरून थेट क्रेनच्या चाकावर चढवू लागली. मी काम थांबवलं. म्हटलं, आधी रुळाच्या कडेनं सरळ अंथरा, पीळ निघू द्या, मग गुंडाळा. अख्खा दिवस मोडला. साहेब म्हणाले, पुन्हा मुरगळली तर दुसरी नोकरी बघा. क्रेन सुटली तशी मी रुळाच्या कडेनं तिच्यासोबत चालत गेले. केबल सरळ पडत गेली, चाचा, अजूनही पडतेय. तुमचं शिकवणं मी रोज वापरते, रोज तुमची आठवण येते.

साहेबांनी विचारलं, हे कुठे शिकलात? मी म्हणाले, पुस्तकात आहे. पुस्तकात आहेच, पण ते मी फार नंतर वाचलं. हे पत्र घडी करून हत्यारांच्या पेटीत ठेवेन, पाठवणार कुठे? एक मात्र सांगायचं राहिलंय. या नोकरीच्या अर्जात तुमच्या दुकानातल्या तीन वर्षांपुढे मी लिहिलं होतं, घरी होते.