दादास, पोकर आणि सात चुकांविषयी

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच; गुडघ्यांनी परवानगी नाकारली.) वहिनींचा रक्तदाब आणि तुझं गॅरेज, दोन्ही ठिकाणावर असतील अशी आशा आहे. चार वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. काम काही नाही, सहज लिहितोय.

निवृत्त झाल्यापासून मी मोबाईलवर पोकर खेळतो. (वहिनींना सांग, पैशांचं नाही. पैशांऐवजी लावायच्या चकत्याही खोट्या, हरल्याचं दुःख तेवढं खरं.) पाच अनोळखी माणसांबरोबर बसायचं, दोन झाकली पानं घ्यायची, हिंमत असेल तर बोली वाढवायची, नसेल तर पानं टाकून डाव सोडायचा. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढणं हाच धंदा. तो इथे कामी आला. ‘पैलवान’ नावाचा एक गडी आहे. चांगली पानं असली की झटकन बोली लावतो. थाप मारायची असली की बराच वेळ विचाराचं सोंग करतो आणि मग भलतीच मोठी लावतो. दोन आठवड्यांत मी त्याला पार धुऊन काढला.

तेव्हा तुझी फार आठवण आली. सुट्टीत जिन्याखाली, बाबांच्या ट्रंकेवर आपण खेळायचो. इस्पिकची राणी हरवलेली, तिच्या जागी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा. (तो पाठीमागूनही ओळखू यायचा, पण आपण दोघांनीही कधी तक्रार केली नाही.) चांगली पानं आली की तुझ्या डाव्या पायाचा अंगठा हलायचा. अकरा वर्षं मी पानांपेक्षा त्या अंगठ्याकडे बघून जिंकलो. आज सांगून टाकलं. आईने जेवायला हाक मारली की तू हरलेला असूनही पानं गोळा करायचास आणि मला गरम गरम वाढून घ्यायला पुढे पाठवायचास.

असो. इतकी हुशारी करूनही महिनाअखेर मी सगळ्यांत खाली! खेळलेले डाव पुन्हा बघता येतात, ते मी हिला दाखवले. हिला पोकरमधलं ओ की ठो कळत नाही. दहा डाव बघून म्हणाली, "तुम्ही पानं कधी टाकतच नाही हो."

"अगं, समोरचा थाप मारतोय असं वाटत असताना सोडायचं कसं?"

"वाटलं ना? मग झालं. त्याला दाखवून द्यायलाच हवं का?" आणि चष्मा पुसत, हळूच, "लग्नपत्रिकेचंही तेच केलंत."

दादा, तुझ्या मुलीच्या पत्रिकेचा मसुदा तू कौतुकाने पाठवलास आणि मी सात चुकांना लाल शाईने गोल करून उलट टपाली परत केला. पत्रिका छापून झाली, सगळ्यांना पोहोचली, मला सोडून. तेव्हा मी घरभर म्हणत हिंडलो, की चुका होत्याच! लग्नाच्या दिवशी आम्ही दोघं घरी बसलो. ही मात्र नवी साडी नेसून बसली होती.

आता सुधारतोय. काल तीन वेळा पानं टाकली, समोरच्याकडे काय होतं ते न बघता. जेवण गोड लागलं नाही, पण जमलं.

तुझा,
धाकटा

ता. क. काम नाही म्हटलं ते खोटं. मंगळवारी सकाळी माझ्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. सोबत ही आहेच. पण मला भीती वाटते रे. येशील का?

आणखी एक. सातांतल्या सहा चुका खऱ्या होत्या. सातवी म्हणजे तू ‘आमची लेक’ लिहिलं होतंस, ते खोडून मी ‘कन्या’ केलं. ती चूक नव्हती. तिथे लेकच हवं होतं.