पस्तीसची लेन्स कोणाला द्यावी

खटॅक्! हिराबायाशी गुरुजींच्या लाकडी कॅमेऱ्याचा तो आवाज अजून कानात आहे. सरोवराकाठच्या चेरीखाली आम्हा मुलांना ओळीत उभं करून ते पाठ केलेली कविता म्हणायला लावायचे आणि शेवटच्या शब्दाला कळ दाबायचे. तेव्हा सगळ्यांची तोंडं एकदम मिटतात, म्हणून.

त्याच ओळीत डावीकडे शेवटी उभा राहणारा मी, मियासाका तोकुजी, वय ८१, राहणार सुवा, धंदा कॅमेरे दुरुस्ती, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाशिवाय, राजीखुशीने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. हात थोडा कापतो, पण हरकत नाही, कळ दाबायची नाही.

१. घर, दुकान आणि शिल्लक रक्कम भाची चिझुरु हिला. मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावरचा दगड मात्र बदलू नये. तो तुझ्या मामीने निवडलेला आहे.

२. कवितांची पुस्तकं शाळेला. मुलांनी वाचली नाहीत तरी चालेल, एखादी पाठ करावी.

३. शेजारच्या टोफूवाल्या मित्सुएबाईंना काही ठेवलेलं नाही. त्या साक्षीदार आहेत, आणि ज्याला काही मिळतं त्याने साक्ष द्यायची नाही, असं वकिलांनी बजावलं आहे. “म्हणजे सही मी करायची आणि भांडी चिझुरुला?” असं त्या समोर बसून आत्ताच म्हणाल्या.

४. माझी पन्नास मिलिमीटरची लेन्सही चिझुरुला. पोरी, ती कुठल्याही कॅमेऱ्याला लाव, पन्नासचीच राहते. नाभीय अंतर लेन्सचं स्वतःचं असतं. कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी बसवलेला तुकडा, लहान असला की तो चित्राचा मधलाच भाग झेलतो आणि कडा सांडतात. अशा लहान सेन्सरच्या, दीडपटीच्या म्हणतात त्या कॅमेऱ्यावर पन्नासमधून पंचाहत्तरएवढंच अरुंद दिसतं, इतकाच त्याचा अर्थ. जुन्या पन्नासएवढं दिसायला हवं असेल तर पस्तीसची लाव. पस्तिसाची दीडपट साडेबावन्न.

५. ती पस्तीसची लेन्स वर्गमित्र कोइके शिगेओ याला, शिक्षा म्हणून.

कारण लिहितो. आमच्या वर्गाचा फोटो दर वसंतात त्याच चेरीखाली निघतो. काढणारा शिगेओ. गुरुजी ज्या दगडावर उभे राहत, त्याच्यावरच उभं राहायचं, हा रिवाज. दगडामागे थेट पाणी. शिगेओने पहिला डिजिटल कॅमेरा घेतला, त्याला जुनी पन्नासची लावली, आणि फोटोत मी नाही. माझ्या शेजारी किनुए, माझी बायको आणि आमचीच वर्गमैत्रीण. तिची फक्त बाही आली.

“नव्या कॅमेऱ्यावर लेन्स वाढते रे,” शिगेओ म्हणाला.

“वाढायला ते काय रताळं आहे? तुझा सेन्सर लहान!”

“जाऊ दे ना तोकुजी. कडेची माणसं दिसली काय, न दिसली काय!”

पुढच्या वसंतात किनुए नव्हती. मी त्या फोटोला पुन्हा गेलो नाही, शिगेओशी बोललोही नाही. माझ्यामागे त्याने ही लेन्स लावावी, कडेपर्यंत बघावं आणि शरमावं.

दुसरे साक्षीदार म्हणून केशकर्तनालयाचे इवानामी येणार होते, त्यांची वाट पाहत आहे. दार सरकलं

इवानामी नव्हेत. शिगेओ! गळ्यात कॅमेरा, पायात ओले बूट, बाह्या ठिबकत.

“वर्गाच्या फोटोसाठी मागे सरता सरता तळ्यात गेलो,” म्हणाला. “तुझ्याकडे पस्तीसची आहे का रे?”

“आता पाचच तर उरलात,” मी म्हणालो. “पन्नासमध्ये सहज मावाल.”

“पाच मावतात. डावीकडे किनुएची जागा मोकळी ठेवायची आहे, ती मावत नाही. आणि तिच्या शेजारी तू. चल, ऊठ.” मग कागदाकडे बघून, “हे काय लिहितोयस? साक्षीदार हवाय? आण इकडे.”

मित्सुएबाई म्हणाल्या, “अहो, ज्याला मिळतं त्याची साक्ष चालत नाही!”

म्हणून कलम ५ मी माझ्या हाताने रद्द करत आहे. लेन्स हातोहात दिली. शिगेओला आता या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

लिहून देणार: मियासाका तोकुजी (सही, शिक्का)
साक्षीदार: १. हामा मित्सुए
२. कोइके शिगेओ (कागदावर पाण्याचे थेंब पडले आहेत ते यांच्या बाहीचे, खाडाखोड समजू नये)

सुवा, १४ एप्रिल २०२४. चेरी फुललेली.