चिठ्ठ्या बदलल्याच नव्हत्या, अण्णा

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन नऊ महिने झाले. मी काही लिहिणारी बाई नाही, हे तुम्हाला माहीत आहे. रजेचा अर्जसुद्धा मी दोन ओळींत संपवते. पण आज जे कळलं ते सर्वांत आधी तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि तुमची खुर्ची रिकामी आहे, म्हणून लिहिते आहे. गुरुजींच्या गाठीची चिठ्ठी बदलली नव्हती. कुणाच्याच हातून काही चुकलं नव्हतं.

आपल्या सोलापूरच्या इस्पितळातल्या गाठी तपासायच्या विभागाला शेवटी डॉक्टर मिळाले. बाई आहेत, येऊन दोन महिने झाले. काल त्यांच्या नावाने एक पार्सल आलं. आत पातळसं निळं पुस्तक आणि रंगीत चित्रांच्या फिल्मची पेटी. "सुमनताई, रजिस्टरला नंबर घाला," म्हणाल्या. नंबर घालता घालता मी ते उघडलं.

निरनिराळ्या देशांतल्या डॉक्टरांनी मिळून ते केलेलं आहे. एकाच गाठीला प्रत्येक देशात, कधी कधी प्रत्येक शहरात, वेगळं नाव. म्हणून त्यांनी गाठींचे काप चिकटवलेल्या काचा एकमेकांना टपालाने पाठवल्या, प्रत्येकाने आपलं मत लिहिलं, मग एकत्र बसून वाद घातला आणि एकेका गाठीला एकच नाव ठरवलं. तुम्ही असता तर पहिला प्रश्न हाच विचारला असता, "वाटेत फुटल्या न्हाईत व्हय काचा?"

हे पुस्तक लाळेच्या ग्रंथींच्या गाठींचं होतं. एका पानावर मोठ्या अक्षरांत जे नाव होतं ते मला पाठ होतं. मुंबईच्या कागदावरचं, शेवटी कार्सिनोमा असलेलं. आणि खालच्या मजकुरात, याला पूर्वी काय म्हणत ते सांगताना, दुसरं नाव होतं. सिलिंड्रोमा. आपल्या जुन्या डॉक्टरसाहेबांनी गुरुजींच्या कागदावर लिहिलेलं.

दोन्ही नावं एकाच पानावर, अण्णा. मी पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडून पाहिलं.

तुम्हाला दुष्काळाचं ते वर्ष आठवत असेल. काचा धुवायला पाणी नव्हतं, आपण दोघं खालच्या टाकीवरून बादल्या आणत होतो. तशात सांगोल्याकडचे एक शाळामास्तर टाळूवरची गाठ काढायला आले. डॉक्टरसाहेबांनी त्यांच्या कागदावर सिलिंड्रोमा लिहिलं आणि पुढच्याच महिन्यात ते निवृत्त झाले. कापणाऱ्या डॉक्टरांनी कागद वाचला, त्यात कॅन्सर हा शब्द नव्हता, म्हणून गुरुजींना घरी पाठवलं. वर्षभरात गाठ पुन्हा आली. गुरुजी मुंबईला गेले, तिथे नव्या गाठीचा तुकडा तपासून लिहून मिळालं कॅन्सर. मग त्यांचा मेव्हणा आपल्या व्हरांड्यात उभा राहून ओरडत होता, "तुमी कुनाची गाठ कुनाच्या नावावर घातली? माणसाचं वरीस गेलं की हितं!"

आपल्याकडे तेव्हा विचारायला डॉक्टर नव्हता. इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी चौकशी लावली आणि ठरवून टाकलं की मेणात गाठींचे तुकडे बसवताना नंबरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. तुम्ही म्हणालात, त्या दिवशीच्या बाकीच्या सहा गाठींच्या काचा मुंबईला पाठवा, खरं काय ते कळेल. साहेब म्हणाले, गावभर बोभाटा नको.

मग तुम्ही म्हणालात, "टेबल माझं होतं साहेब. झालं असेल तर माझ्याच हातून."

अण्णा, टेबल तुमचं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही पुतणीच्या साखरपुड्याला अक्कलकोटला गेला होता. अर्ज दिला नव्हता, मला फक्त "सांभाळ की गं तेवढं" म्हणाला होता. सातही चिठ्ठ्या मी घातल्या होत्या. चौकशीच्या वेळी मी दाराशी उभी होते, सगळं ऐकू येत होतं. आणि मी काही बोलले नाही.

तुम्हाला लघवी-रक्ताच्या खिडकीवर बसवलं. मेणातल्या गाठीचे पातळ काप काढणाऱ्या मायक्रोटोमच्या पात्याला चामड्यावर धार लावणारा तुमचा हात बाटल्यांवर नंबर टाकायला लागला. तुमच्याइतकी सलग मेणाची पट्टी आजही माझ्या पात्यातून निघत नाही. काचेला पट्टी चिकटावी म्हणून तुम्ही घरून अंडं आणायचा आणि फोडताना दर वेळी म्हणायचा, "पांढरं सरकारला, पिवळं सुमनला." खिडकीवर गेल्यावरही अंडं आणत राहिलात. टेबलावर ठेवायचा आणि न बोलता परत जायचा. मला ते उचलताना लाज वाटायची.

मला खात्रीच झाली होती की चूक माझी. त्याहून वाईट म्हणजे, गुरुजींची चिठ्ठी हलली तर बाकीच्याही हलल्या असतील आणि त्या सहा जणांपैकी कुणीतरी अंगात कॅन्सर घेऊन हिंडत असणार आणि त्याला पत्ताच नसणार. त्यातला एकच मला माहीत होता, एसटी स्टँडजवळचा चहावाला, ज्याच्या गालावरची गाठ काढली होती. घरचा रस्ता सोडून मी दोन वर्षं त्याच्याकडे चहा प्यायले, गाल सुजतो का ते बघायला. एकदा तो म्हणाला, "ताई, चहा गार होतोय. माझ्या थोबाडात काय बघताय एवढं?" बाकीचे पाच कुठे होते, कोण जाणे.

तुम्हाला सांगायचं मी एकदा ठरवलं होतं. सुटीच्या वेळी जिन्यात गाठलं. "अण्णा, त्या दिवशी..." एवढंच म्हटलं. तुम्ही म्हणालात, "बस गेली की तुझी, पळ." बस अजून यायची होती. तुम्हाला ते माहीत होतं, होय ना?

काल मी पुस्तक आणि जुनं रजिस्टर घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी दोन्ही पाहिलं आणि सहज म्हणाल्या, "हे एकच आहे. यात वाद कसला? कुठल्याही पॅथॉलॉजिस्टला विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

"विचारायला कुणी नव्हतं," मी म्हटलं.

त्यांनी रजिस्टर पुन्हा पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "त्या सहा जणांच्या काचा आहेत?" कपाटात होत्या. आज सकाळपासून त्यांनी एकेक काच सूक्ष्मदर्शकाखाली घेतली आणि मी शेजारी उभी राहून रजिस्टर वाचत गेले. सहावी झाल्यावर त्यांनी डोळे चोळले. "सगळ्यांचे कागद बरोबर आहेत. कुणालाही काही नाही. तुमच्या विभागाचं काम चोख आहे."

चोख, अण्णा. मी जिन्यात जाऊन बसले. संध्याकाळी स्टँडवर चहा घेतला तेव्हा रस्त्याकडे तोंड करून उभी होते.

गुरुजी अजून आहेत, हेही सांगते. अर्धी टाळू काढली आहे, कवळीसारखी पट्टी लावतात, नाकातून बोलतात, पण बोलतात. त्यांचं वर्ष गेलं ते चिठ्ठीने नाही, नावाने गेलं. इथल्या नावात धोका दिसत नव्हता आणि मुंबईच्या नावात दिसत होता. आता बाई आपल्या कागदांवर पुस्तकातलीच नावं लिहिणार आहेत. सांगोल्याच्या माणसाच्या कागदावर जे लिहिलेलं असेल तेच मुंबईत आणि तेच त्या सगळ्या देशांत. कुठले कोण डॉक्टर, त्यांना सोलापूर ठाऊकही नसेल. पण मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

एक तक्रार मात्र आहे. तुम्ही मला विचारलं का नाहीत? पोरीची नोकरी नवी आहे, जाईल, असं वाटलं असेल. की तुम्हालाही वाटलं, माझ्याच हातून झालं? तुम्ही शिकवलं होतं तशाच घातल्या होत्या मी चिठ्ठ्या. एकदा विचारलं असतंत तर दोघं मिळून काही वाट काढली असती. तुम्ही न विचारता घेतलंत आणि मी न सांगता दिलं.

बाईंनी मला मोठ्या साहेबांच्या नावे अर्ज लिहायला सांगितला. मी लिहिला: चिठ्ठ्यांची अदलाबदल झालेली नव्हती, तरी अण्णांवरचा ठपका काढून टाकावा. नेहमीप्रमाणे दोन ओळी. तेवढं पुरलं असतं. चूकच नव्हती म्हटल्यावर टेबलावर कोण होतं हे कोण विचारतंय? मी सुटले होते.

सही करताना वहिनी आठवल्या. तुमच्या तेराव्याला त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ह्यांची नजर अधू झाली होती का गं? मी चष्मा बदला म्हणून मागे लागायला हवं होतं. माझंच चुकलं." मी म्हणाले होते, "माहीत नाही, वहिनी."

मला माहीत होतं, अण्णा.

म्हणून तिसरी ओळ लिहिली आहे: त्या दिवशी अण्णा हजर नव्हते, चिठ्ठ्या मी घातल्या. उद्या तो अर्ज मी स्वतः साहेबांच्या हातात देईन. रविवारी वहिनींकडे जाईन आणि सांगेन की तुमची नजर शेवटपर्यंत चांगली होती, आणि तुम्ही माझ्यासाठी साहेबांसमोर खोटं बोललात. एवढं मला त्यांना सांगावंच लागेल. रागावू नका.

तुमची,
सुमन