ऑटोमन नोट आणि हागोपचा ठोसा

शनिवार संध्याकाळ, चँडलर

शेजारचे आर्मेनियन म्हातारे, हागोप, चहाला आले होते. माझ्या नवऱ्याने, सुरेशने, कौतुकाने आपल्या जुन्या नोटांच्या संग्रहातली ऑटोमन, म्हणजे जुन्या तुर्की साम्राज्याच्या काळातली नोट दाखवली. म्हणाला, “पहिल्या महायुद्धात हा कागद कुणी घेईना, मग तुर्की सैनिक लोकांना बडवून घ्यायला लावायचे.” आणि हसला. का हसला?

हागोपनी सरळ त्याच्या तोंडावर ठोसा मारला. दात तुटला, नोटेवर रक्त सांडलं. “माझ्या आजोबांनी पिठाच्या बदल्यात असलीच नोट नाकारली. सैनिकांनी दुकानाच्या दारात मरेपर्यंत मारलं त्यांना.”

मी पोलिसांना फोन लावत होते. सुरेशने हात धरला. “नको. मी हसायला नको होतं.”

शेवटी हागोपच ड्राइव्ह करत आम्हाला इमर्जन्सीत घेऊन गेले. सुरेशने त्यांना माफ केलंय. मला जमत नाहीये.